अंगात रक्त कमी आहे हे ओळखायचं कसं, अन तपासणी कोणती मागायची

आपल्याकडे बाई थकली की पहिले म्हणतात ऊन लागलं, मग म्हणतात वय झालं, अन शेवटी कोणीतरी गाडीवर बसवून नेते अन सलाईन लावून आणते, दोन दिवस बरं वाटते की पुन्हा तेच. सलाईनमध्ये मीठ-साखरेचं पाणी असते राजेहो, त्यानं रक्त वाढत नाही. एनएफएचएस-५ च्या म्हणजे २०१९-२१ च्या सरकारी सर्वेत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांमागे ५४ जणींना ॲनिमिया म्हणजे रक्त कमी निघालं, अन त्याच वयाच्या शंभर माणसांमागे जवळपास २२ जणांना. म्हणजे हे फक्त बायांचं दुखणं आहे असं म्हणून माणसांनी मोकळं व्हायचं काम नाही.

ओळखायला कठीण काहून जाते, तर रक्त हळूहळू कमी होते अन शरीर तेवढ्यात भागवायला शिकते. हिमोग्लोबिन (रक्तातला लाल घटक, त्यावरूनच रक्त किती आहे ते मोजतात) ७ वर आलेली बाई दिवसभर कापूस वेचून राहिली असते अन घरच्यांना वाटते हिला काय झालं, चांगली तर आहे. म्हणून "थकवा येतो का" असं विचारूच नका, सगळेच हो म्हणतात. असं विचारा की मागच्या वर्षी जे काम एका दमात व्हायचं ते आता होते का, डोक्यावर भारा घेऊन वावरातून येताना मधात बसावं लागते का, बोलता बोलता धाप लागते का, नुसतं पडल्या पडल्या छातीत धडधड होते का, उठून उभं राहिलं की डोळ्यापुढं अंधारी येते का. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटणं हेही बऱ्याचदा लोह कमी असल्याचं निघते.

अजून एक गोष्ट लाजेपायी कोणी सांगत नाही. माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खायची सारखी इच्छा होणं. हसू नका अन रागावूही नका, ही लोह कमी पडल्याची चांगली ठळक खूण आहे, अन लोह भरून निघालं की ती इच्छा बहुतेक आपोआप जाते.

आता डोळा पाहायचा. दिवसाच्या उजेडात, अंगणात उभं करून, बल्बखाली नाही. हात धुवा, खालची पापणी बोटानं हळूच खाली ओढा अन त्या माणसाला वर पाहायला लावा. पापणीच्या आतली अगदी काठाजवळची पट्टी चांगली लालभडक पाहिजे अन तिच्या मागचा भाग थोडा फिका, असा फरक दिसला तर ठीक. काठ अन मागचा भाग दोन्ही सारखेच फिके दिसले तर संशय धरा. शेजारी एखादं धडधाकट माणूस उभं करून दोघांचे डोळे पाहिले तर फरक लवकर कळते. डोळे आलेले असले किंवा धुरानं लाल झाले असले तर त्या दिवशी पाहून उपयोग नाही. जीभही पहा, पण खर्रा खाणाऱ्याच्या जिभेवरून काहीच कळत नाही, मेहंदीच्या नखांवरून कळत नाही, अन निंदण करून घट्टे पडलेल्या तळहातावर तर मी भरवसाच ठेवत नाही. नखं मधात खोलगट झाली असतील, तोंडाचे कोपरे सारखे फाटत असतील, जीभ गुळगुळीत होऊन तिखट झोंबत असेल तर तेही धरा. हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होते, असं असलं तर बी-१२ कमी असू शकते.

पण डोळा चांगला दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, थोडंसं कमी असलं तर डोळ्यावरून कळतच नाही. बोट टोचून हिमोग्लोबिन तपासायचं मशीन बऱ्याच उपकेंद्रांत असते, आशाताईला विचारा. माणसाला १३ च्या खाली, बाईला १२ च्या खाली अन गरोदर बाईला साधारण ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया. कमी आलं की तिथंच न थांबता पीएचसी नाहीतर ग्रामीण रुग्णालयात जाऊन सीबीसी म्हणजे रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी करून घ्या. त्या कागदावर एमसीव्ही म्हणून आकडा असते, तो ८० च्या खाली असला तर रक्तपेशी लहान आहेत, बहुतेक लोह कमी (मग फेरिटिन म्हणजे अंगातला लोहाचा साठा तपासायला सांगतात), अन १०० च्या वर असला तर बी-१२ नाहीतर फॉलिक ॲसिडकडं पाहतात. पांढऱ्या पेशी अन प्लेटलेटही सोबत कमी असल्या तर मोठ्या दवाखान्यात जायला उशीर करू नका.

अन आपल्या विदर्भात एक तपासणी मागूनच घ्यायची, सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून येणारा, रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट, सगळीकडं आहे, अन फक्त आदिवासींमध्येच आहे असंही नाही. सांधे-हाडं सारखी ठणकतात, डोळे मधूनमधून पिवळे होतात, घरात कोणाजवळ सिकलसेलचं कार्ड आहे, तर सोल्युबिलिटी टेस्ट करायला लावा. ती पॉझिटिव्ह आली तरी माणूस नुसता वाहक आहे की त्याला आजार आहे हे त्यातून कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी नाहीतर इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी लागते. रक्त फारच कमी असलं तर सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्हही येऊ शकते, अन रक्ताची पिशवी चढवल्यावर दुसऱ्याचं रक्त मिसळून रिपोर्ट गडबडते, म्हणून पिशवी लावायच्या आधीच नमुना काढून ठेवायला सांगा. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे अन त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी करतात. सिकलसेल निघाला तर लोहाच्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका, डॉक्टर म्हणतील तरच.

रक्त कमी निघालं की पुढचा प्रश्न हा की ते जाते कुठं. पाळी सात दिवसांच्या वर चालते का, गाठी पडतात का, कापड नाहीतर पॅड तासा-दोन तासात बदलावं लागते का, हे डॉक्टरला मोकळं सांगा. धानाच्या बांधीत अनवाणी रोवणी करणाऱ्यांना मातीतून हुकवर्म नावाचा जंत लागतो, तो कातडीतून शिरते अन आतड्यात बसून रक्त पिते, त्यावर अल्बेंडाझोलची गोळी असते. मूळव्याध असलं तर लपवू नका. कंबर-गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी आणून रोज खाणाऱ्याच्या पोटात जखम होऊन रक्त जाऊ शकते. अन घरातल्या बुढ्या माणसाचं रक्त काही कारण नसताना कमी निघालं तर नुसत्या टॉनिकवर भागवू नका, पोटाची-आतड्याची तपासणी कराच, कधी कधी कॅन्सर तिथूनच सापडते.

डांबरासारखी काळी चिकट संडास, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, पायावर सूज किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली, यातलं काहीही असलं तर उद्यावर ढकलायचं नाही, सरळ १०८ ला फोन लावा.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या तर जेवणाच्या तासभर आधी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत अन कॅल्शियमच्या गोळीसोबत नको. पोट दुखत असलं तर जेवणानंतर चालते. संडास काळपट होते त्याला भिऊ नका, ती डांबरासारखी चिकट नसते. महिन्यानं पुन्हा तपासा, एखादा ग्रॅम तरी वाढलं पाहिजे. वाढलं नाही तर गोळ्या उशीखाली चालल्या आहेत, रक्त कुठून तरी जाऊनच राहिलं आहे, नाहीतर कारण दुसरंच आहे, अन यातलं कोणतं हे डॉक्टरला पुन्हा दाखवल्याशिवाय कळत नाही. वाढलं तरी गोळ्या लगेच बंद करू नका, साठा भरायला पुढं साधारण तीन महिने लागतात.