अंगणातला हॉट टब गार पडतो तेव्हा

कॅनडातल्या कॅल्गरीत जुने घर घेताना मागच्या अंगणातला हॉट टब, म्हणजे बसून डुंबायचा गरम पाण्याचा मोठा टब, अनेकदा घराबरोबरच पदरात पडतो, आणि ज्यांनी आजवर बंब किंवा गीझर याखेरीज काही हाताळलेले नाही अशा आपल्या मंडळींना तो पहिल्याच हिवाळ्यात कोड्यात टाकतो. पाणी गार झाले की कॉइल जळाली असे गृहीत धरून नव्या हीटरची चौकशी सुरू होते. ओळखीच्यांचे जे टब मी आजवर उघडून पाहिले, त्यांत हीटर खरोखर जळालेला क्वचितच निघाला. बहुतेक ठिकाणी पाणी कुठे तरी अडलेले होते.

गीझर साठलेले पाणी तापवतो. टबचा हीटर मात्र पंपाच्या वाटेवरच्या नळीत बसवलेला असतो आणि तिच्यातून वाहणारे पाणीच तेवढे तापवतो. प्रवाह मंदावला तर नळीतले पाणी उकळून जोड वितळण्याचा धोका असतो, म्हणून प्रेशर स्विच किंवा सेन्सर हीटर बंद करतात आणि पॅनेलवर ‘एफएलओ’, ‘एलएफ’ किंवा ‘डीआर’ अशी अक्षरे उमटतात. कंपनीगणिक ती बदलतात, तरी बहुधा त्यांचा अर्थ पाणी कमी वाहत आहे किंवा नळीत पुरेसे पाणीच नाही, असा असतो. ‘ओएच’ दिसल्यास पाणी प्रमाणाबाहेर तापले आहे असे समजून टबमध्ये उतरू नये.

अशा वेळी आधी पाण्याची पातळी पाहावी, मग टब बंद करून फिल्टर बाहेर काढावा आणि थोडा वेळ फिल्टरविना चालवून पाहावा. अक्षरे गेली आणि पाणी तापू लागले, तर दोष फिल्टरचा. आमच्याकडे एका नरक चतुर्दशीला पाहुणे मंडळी अंगाला भरपूर तेल आणि उटणे लावून तशीच टबमध्ये उतरली. दोन दिवसांनी टब थंडगार पडला आणि फिल्टर काढला तेव्हा त्याच्या घड्यांत पिठल्यासारखा पिवळसर थर बसला होता, ज्याला शिकेकाईचा वास येत होता. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने तेल निघत नाही. फिल्टर क्लीनरच्या द्रावणात तो रात्रभर भिजवावा लागतो. एरवी दर एक-दोन आठवड्यांनी फवारा मारला तरी भागते. अभ्यंगस्नान घरातच उरकावे, हे मी तेव्हापासून प्रत्येक नव्या घरमालकाला सांगतो.

पाणी बदलल्यानंतर लगेच बिघाड झाला, तर पंपात हवा अडकली असण्याची शक्यता मोठी. पंप घुमतो, पण जेट्स, म्हणजे टबात पाणी सोडणारी तोंडे, केवळ खोकल्यासारखी उबळ देतात. ब्रेकर बंद करून पंपाजवळचा युनियन नट, म्हणजे नळी पंपाला जोडणारी फिरकीची कडी, हाताने जरासा सैल करावा. फुसकन हवा निघते, पाणी ठिबकू लागते, आणि मग तो घट्ट करावा. पुढच्या वेळी पाण्याची नळी फिल्टरच्या खळग्यातच सोडून टब भरला, तर हे संकट बहुधा येतच नाही. दुरुस्तीनंतर एखादा व्हॉल्व्ह बंदच राहिला नाही ना, हेही पाहावे.

वाहते पाणी असूनही ते तापत नसेल, तर विजेकडे वळावे. भारतात फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट मिळतात. येथे २४० व्होल्ट हे १२०-१२०च्या दोन जिवंत तारांमध्ये असतात. त्यामुळे पुष्कळ टबांत एक तार निकामी झाली तरी पॅनेल आणि दिवे १२०वर चालू राहतात आणि हीटर मात्र गप्प बसतो. जीएफसीआय ब्रेकर, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा ब्रेकर, वारंवार पडत असेल, तर कॉइलला चीर जाऊन वीज पाण्यात झिरपत असण्याचा संभव आहे. अशा वेळी तो पुन्हा पुन्हा वर न करता परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवावा. येथे काटकसर नको.

काही वेळा बिघाड नसतोच, धीर कमी पडतो. सुमारे १,५०० लिटर पाणी ५.५ किलोवॉटच्या हीटरने तासाला जेमतेम ३ अंश चढते, म्हणजे १० अंशांवरून ३८ला पोहोचायला नऊ-दहा तास हवेत. साध्या प्लगवर चालणारा १ किलोवॉटचा हीटर तासाला अर्ध्या अंशाच्या आसपास चढवतो, तोही झाकण लावलेले असेल तरच.

उणे ३० अंशांत पंपच थांबला, तर मात्र दुरुस्तीआधी गोठण्याचा बंदोबस्त करावा. टबातले पाणी झाकणाखाली बराच काळ उबदार राहते, पण कॅबिनेटमधल्या, म्हणजे पंप आणि हीटर झाकणाऱ्या टबच्या बाहेरच्या पेटीतल्या, बारीक नळ्या आधी गोठून फुटतात. म्हणून कॅबिनेटचे दार उगाच उघडे ठेवू नये आणि मेकॅनिकला त्याच दिवशी गाठावे. पाणी दर तीन-चार महिन्यांनी बदलायचे असते, तेव्हा ते ऑक्टोबरमध्ये बदलून घ्यावे. पुढची पाळी भर हिवाळ्यात आलीच, तर चिनूक या उबदार वाऱ्याची वाट पाहावी. एक-दोन दिवस पारा शून्याच्या वर चढतो, आणि रिकामा टब भरून पुन्हा पाणी फिरू लागेपर्यंत तेवढी सवड पुरते.