बंदुकीचा पट्टा: कुळागर (नारळ-सुपारीची बाग) राखायला जाताना या चुका टाळा

गोव्यातल्या सत्तरी, सांगे आणि काणकोण भागांत पीकसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणाऱ्या बागायतदारांमध्ये, बंदुकीला खांद्यावरचा पट्टा असावा की नसावा, हा वाद जुना आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता हौसेच्या शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, आणि पिकात घुसणाऱ्या रानडुकरावर बार काढायचा झाला तरी त्या कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवानगी लागते. तरीही घरापासून डोंगरावरच्या काजूच्या बागेपर्यंत बंदूक न्यावी लागतेच. माझ्या मते पट्टा जरूर असावा, मात्र रिकामी बंदूक वाहून नेण्यापुरता. काडतूस भरले की बंदूक खांद्यावरून उतरून दोन्ही हातांत आली पाहिजे.

सर्वांत घातक चूक म्हणजे भरलेली बंदूक पट्ट्याने पाठीवर अडकवून चालणे. बंदूक पाठीमागे गेली की नळीचे तोंड कोणाकडे आहे हे आपल्याला दिसत नाही. पाणंदीवरची वेल चुकवायला आपण वाकतो, तेव्हा तेच तोंड मागून बॅटरी घेऊन येणाऱ्याच्या छातीवरून फिरून जाते. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यावरून पाय घसरला की दोन्ही हात आधाराला जातात आणि पट्टा खांद्यावरून निसटतो. ‘सेफ्टी लावली होती’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण बहुतेक दुनळी बंदुकांत सेफ्टी फक्त चाप अडवते, काडतुसावर आघात करणारा आतला घोडा नव्हे. त्यामुळे जोराच्या आपटीने बार उडू शकतो. बाहेर घोडा असलेल्या जुन्या बंदुकांत हा धोका आणखी मोठा असतो.

गडगा (दगडी कुंपण) किंवा साकव ओलांडताना पट्ट्यावर भिस्त ठेवणे हीदेखील तीच चूक आहे. आधी बंदूक मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, काडतुसे खिशात घालावीत, सोबत्याच्या हाती ती उघडीच द्यावी आणि मग गडगा चढावा. एकटे असल्यास रिकामी बंदूक पलीकडे आडवी ठेवावी, तीही नळी आपल्याकडे येणार नाही अशी.

नळी वर ठेवावी की खाली, यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ भेटतात. वर ठेवली तर पाऊस आत जातो, खाली ठेवली तर मेरेवर टेकताना तोंडात चिखल भरतो, आणि तोंड बुजलेल्या बंदुकीचा बार काढला तर नळी फुटून हात जाऊ शकतो. म्हणून कोणत्याही पद्धतीने नेली तरी काडतूस भरण्याआधी नळीतून आरपार उजेड पाहणे आवश्यक आहे. आमच्या मामांची एकनळी दाराआड खिळ्याला पट्ट्यानेच टांगलेली असे. चतुर्थीनंतर एकदा त्यांनी ती मोडून दिव्याकडे धरली, तर आत काळोख. गज घातल्यावर कुंभारमाशीने बांधलेले मातीचे घर आणि त्यात साठवलेले वाळके कोळी बाहेर पडले. तेव्हापासून मामा नळीच्या तोंडाला कापडाचा बोळा लावतात आणि विसर पडू नये म्हणून त्याची लाल शेपटी बाहेर लोंबती ठेवतात.

पट्ट्याची कडी कोणी सहसा तपासत नाही. पुष्कळ दुनळी बंदुकांत पुढची कडी नळ्यांखाली डाखाने जोडलेली असते. तिथला डाख सुटू लागला की प्रथम बारीक खडखड ऐकू येते. मागच्या कडीचा स्क्रू दस्त्याच्या लाकडात सैल झाला असेल, तर आगपेटीची काडी खुपसून वेळ मारून नेऊ नये, सुताराकडून नीट बसवून घ्यावा. राखणीच्या माळ्यावर बसल्यावर किंवा करवंदीच्या जाळीतून जाताना पट्टा काढून खिशात टाकणेच बरे.

गोव्याच्या दमट हवेत चामड्याला बुरशी धरते आणि ओला पट्टा नळीला चिकटून राहिला की त्याच जागी गंज चढतो. निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते, तेव्हा ती आठवडेच्या आठवडे तेल-फडक्यावाचून पडून असते. म्हणून जमा करण्यापूर्वी नळीला तेलाचा हात द्यावा आणि पट्टा सोडवून घरीच ठेवावा.