रावणाची दहा तोंडं मोजायला शून्य लागतं का? सामान्यज्ञानातल्या या चुका टाळा

"आर्यभटाने पाचव्या शतकात शून्याचा शोध लावला, मग त्याआधी रावणाची दहा तोंडं आणि शंभर कौरव मोजले कसे?" हा प्रश्न दर काही महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर फिरत येतो. आमच्या वाचनालयात मी रविवारी मुलांची प्रश्नमंजुषा घेते, तिथे सातवीतल्या एका मुलीने तो मला विचारला. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि ते नीट द्यायला मला आठवडा लागला.

मोजायला शून्य लागत नाही. भाषेत 'दहा' आणि 'शंभर' हे शब्द असले की मोजता येतं. लिहायलासुद्धा शून्यावाचून अडत नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण (त्या काळची नाणी) यांचे आकडे लेण्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर कोरले आहेत, हजारांच्या घरातले. त्यात शून्य कुठेच नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. रोमन अंकांत X म्हणजे दहा, तसंच. पुढच्या वेळी घाट चढलात तर त्या आकड्यांसमोर मुलांना दोन मिनिटं उभं करा.

मुळात 'शून्याचा शोध कोणी लावला?' हा प्रश्नच घाईत घातलेला आहे. आर्यभटाने 499 मध्ये 'स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्' असं सांगितलं, म्हणजे एका स्थानापेक्षा पुढचं स्थान दहापट. शून्य ही एक संख्या धरून तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये दिले. शून्याला शून्याने भागलं तर शून्य येतं, असंही त्याने लिहिलं आणि ते आज मान्य नाही. पण हा प्रश्न त्याला पडला, हेच मला थोर वाटतं. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या 876 च्या शिलालेखात 270 आणि 50 हे आकडे आजच्यासारखं गोल शून्य काढून कोरलेले आहेत. इतका मोठा प्रवास एका नावात कोंबला की मग रावणाची तोंडं आडवी येतात.

मुलांसाठी प्रश्न काढणार असाल, तर 'शून्यासह गणिताचे नियम कोणी दिले?' असा काढा. उत्तर एकच येतं आणि ते बरोबर असतं.

विशेषण गाळू नका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. 'भारतातली पहिली रेल्वे कुठे धावली?' उत्तर ठरलेलं: 16 एप्रिल 1853, बोरीबंदर ते ठाणे. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, 34 किलोमीटर. हे सगळं खरं आहे, फक्त प्रश्नात 'प्रवासी' हा शब्द हवा. कारण मद्रासजवळ रेड हिल्सला 1837 मध्येच रस्त्यांसाठी दगड वाहणारी रेल्वे होती आणि रुडकीला 1851 मध्ये गंगेच्या कालव्याच्या बांधकामासाठी वाफेचं इंजिन चाललं होतं. आपल्या ठाण्याचा मान यामुळे तसूभरही कमी होत नाही. तिकीट काढून माणसं बसतील अशी रेल्वे इथूनच सुरू झाली.

लोणारचंही तेच. उल्का आदळून झालेलं बुलढाणा जिल्ह्यातलं हे विवर सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं. 'जगातलं तिसरं मोठं विवर' असं अजूनही छापलं जातं. ते निखालस चूक आहे. दक्षिण आफ्रिकेतलं व्रेडफोर्ट किंवा मेक्सिकोतलं चिक्शुलूब यांच्यापुढे लोणार इवलंसं आहे, आणि भारतातच मध्य प्रदेशातलं ढाला त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. 'बेसाल्टमधलं (लाव्हापासून बनलेल्या काळ्या खडकातलं) जगातलं एकमेव' हेही आता चालत नाही, ब्राझीलमध्ये बेसाल्ट खडकात आणखी विवरं सापडली आहेत. मग लोणारचं वेगळेपण काय? ते तुलनेने तरुण आहे, त्याचा आकार अजून शाबूत आहे, आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात आघात झाला की नेमकं काय घडतं हे तिथे हातात दगड घेऊन पाहता येतं. चंद्रावरचे कितीतरी भाग बेसाल्टचे आहेत, म्हणून त्याच्या अभ्यासकांनाही लोणारचं मोल वाटतं. काठावर उभं राहून खाली हिरवट पाणी बघितलेल्या माणसाला 'तिसरं मोठं' या बिरुदाची गरज पडत नाही.

उत्तरापुढे तारीख लिहा

सर्वाधिक उपग्रह कुणाला, गुरूला की शनीला? 2019 मध्ये शनी पुढे होता. फेब्रुवारी 2023 मध्ये गुरू पुढे गेला, मे 2023 मध्ये पुन्हा शनी, आणि मार्च 2025 मध्ये शनीचा आकडा 274 वर पोचला. एव्हरेस्ट 2020 पासून 8848.86 मीटर. मराठी 3 ऑक्टोबर 2024 पासून अभिजात भाषा. वहीत उत्तराशेजारी महिना आणि साल लिहून ठेवा, सहा महिन्यांनी फार उपयोग होतो.

कुणी जाहीर केलं, ते विचारा

हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ नाही. कोणताही खेळ तसा जाहीर केलेला नाही, असं केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने 2012 मध्ये माहितीच्या अधिकारात कळवलं. हिंदी ही राष्ट्रभाषा नाही. राज्यघटनेच्या कलम 343 नुसार ती संघराज्याची राजभाषा आहे. 'जन गण मन'ला युनेस्कोने जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं, हा निरोप तर वर्षानुवर्षं फिरतोय. युनेस्को राष्ट्रगीतांचे क्रमांक लावत नाही. शेवटी 'युनेस्को' हे नाव आलं की आपण पुढे विचारतच नाही.

याच युनेस्कोने जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ही बातमी मात्र शंभर टक्के खरी. तिथेही पटकन 'महाराष्ट्रातले 12 किल्ले' म्हटलं जातं. महाराष्ट्रातले 11 आहेत. बारावा जिंजी तमिळनाडूत आहे, जिथून राजाराम महाराजांनी वेढ्यात राहून कारभार चालवला.

शेकरूबद्दल एकच सांगते: आपला हा राज्यप्राणी म्हणजे उडणारी खार नव्हे. शेकरू दिवसा वावरतं, भीमाशंकरच्या झाडांवरून लांबच लांब उड्या मारतं, पण त्याच्या अंगाला पडदा नसतो. पडदा पसरून तरंगत जाणारी खार निराळी, आणि ती रात्री बाहेर पडते.

ज्या प्रश्नावर मी स्वतः अडकले, तो शुक्राचा. 'शुक्रावर दिवस वर्षापेक्षा मोठा असतो, चूक की बरोबर?' मी 'बरोबर' असं उत्तर ठेवलं होतं: स्वतःभोवती एक फेरी 243 दिवसांत, सूर्याभोवती 225 दिवसांत. दहावीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, पण शुक्र उलटा फिरतो ना, मग सूर्य लवकर उगवेल." त्याचं बरोबर होतं. एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत तिथे साधारण 117 दिवसच जातात, म्हणजे वर्षाच्या जेमतेम निम्मे. त्याला त्या दिवशी पूर्ण गुण दिले आणि प्रश्न बदलला. आता विचारते, 'शुक्राला स्वतःभोवती एक फेरी मारायला किती दिवस लागतात?' ज्याला 243 येतं, त्याला पुढचा प्रश्न सूर्योदयाचा.