घातक कचऱ्यासाठी अनुदान मागताय? या चुका टाळा

महापालिकेच्या एका विभाग कार्यालयाच्या जिन्याखाली गोणीत कोंबलेल्या ट्यूबलाइट पाहिल्या. निम्म्या फुटलेल्या, पांढरी पूड फरशीवर सांडलेली, आणि सफाई कामगार ती साध्या झाडूने लोटत होता. त्या पुडीत पारा असतो. शेजारी ‘घरगुती घातक कचरा’ लिहिलेला डबा, नवाकोरा, रिकामा. डबा अनुदानातून आला होता. तो भरला की पुढे नेणार कोण, हे प्रस्तावात नव्हतंच.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: प्रस्ताव डब्यापाशी संपतो. माल तळोज्याच्या किंवा महापेच्या सामायिक विल्हेवाट केंद्राच्या गेटमधून आत जाईपर्यंतचा प्रवास कागदावर हवा. गोळा कोण करणार, साठवणार कुठे, गाडी कुठली, किलोमागे दर काय. मी हल्ली आधी विल्हेवाट केंद्राकडून दरपत्रक मागवतो, मगच डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) उघडतो. पहिल्या वेळी उलटं केलं होतं. वाहतूक आणि विल्हेवाटीचा खर्च धरायचाच राहिला.

बॅटऱ्या आणि ई-कचरा यात घुसडू नका. २०२२च्या नियमांनुसार त्यांच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यांचं बिल अनुदानावर कशाला?

टीटीसी, म्हणजे ठाणे खाडीलगतच्या औद्योगिक पट्ट्यातली मंडळी आणखी एक गोंधळ घालतात. नाल्याकाठी रसायनाचे ड्रम सापडले, की तेही त्याच प्रस्तावात. कारखान्याच्या घातक कचऱ्याची जबाबदारी कारखानदाराची, आणि तो साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवताही येत नाही. तेव्हा ड्रम घंटागाडीत चढवू नका. जागा अडवा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवा, पंचनामा होऊ द्या.

पैशांच्या रकान्यात छोट्या नगरपरिषदेचा नमुना जसाच्या तसा उतरवणारेही भेटतात. स्वच्छ भारत अभियान नागरी २.० मध्ये घनकचऱ्याच्या कामांसाठी केंद्र सरकारचा वाटा लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांना ५० टक्के, दहा लाखांवरच्या शहरांना २५. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही दहा लाखांवर. उरलेल्या रकमेचं लेखाशीर्ष, म्हणजे ती अंदाजपत्रकातल्या कुठल्या खात्यातून येणार ते, आधी दाखवा, नाहीतर फाइल लेखा विभागातून परत येते. उपयोगिता प्रमाणपत्राचंही (अनुदान ठरल्या कामावरच खर्चल्याचा दाखला) तसंच: वजनकाट्याच्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा, वर्षअखेरीस शोधत बसू नका.

संकलन केंद्रं किती, हेही मोजून लिहा. २०१६च्या घनकचरा नियमांत दर २० चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र सांगितलं होतं. आपल्या दोन्ही महापालिकांचं क्षेत्र शंभरावर आहे, म्हणजे प्रत्येकी सहा तरी. प्रस्तावात मात्र मुख्यालयाच्या आवारातलं एकच दिसतं.

आणि त्या केंद्राची वेळ! सोमवार ते शुक्रवार, अकरा ते पाच. तेव्हा ऐरोलीचा नोकरदार अंधेरीत किंवा फोर्टात असतो, आणि मुदत संपलेल्या औषधांची पिशवी त्याच्या घरी कपाटात. केंद्र रविवारी सकाळी दोन तास उघडं ठेवा, आणि तिथे बसणाऱ्या माणसाचा ओव्हरटाइम अंदाजपत्रकात आधीच धरा.