गुलबक्षीचा संकर: लाल आणि पांढऱ्यातून गुलाबी

रंगाचा वारसा कुंडीत पाहायचा तर गुलबक्षी सोयीची. आधी पालक शुद्ध आहेत का ते पाहा. लाल आणि पांढऱ्या झाडाच्या काही कळ्या उमलण्याआधीच मलमलच्या पिशवीत बांधा आणि धरलेलं बी पेरा. दहा-बारा रोपांत एकही वेगळा रंग निघाला, तर तो पालक बाद. पट्टे किंवा ठिपके असलेली झाडं घेऊच नका, त्यांचा रंग एकाच झाडावर बदलतो. आणि आपण ज्याला गुलबक्षी रंग म्हणतो, ते गडद झाड संकरित गुलाबी असेलच असं नाही. तेही पेरूनच ठरवा.

मादी म्हणून, म्हणजे ज्यावर पराग टाकायचा आणि बी धरायचं ते, पांढरं झाड घ्या. चूक झाली तर पांढरी रोपं येतात आणि ती गुलाबीत लगेच ओळखू येतात.

फूल दुपारी उशिरा उमलतं, म्हणून त्याच दिवशी उमलणारी फुगीर कळी दुपारी दोनच्या आसपास निवडा. सुईने नळी उभी चिरा, पाचही पुंकेसर (पराग देणारे नर तंतू) चिमट्याने काढा, पिशवी बांधा. इथे उशीर झाला की काम फसतं. फूल मिटताना पुंकेसर आणि कुक्षीवृंत (मादी भागाचा दांडा) वळून एकमेकांना भिडतात आणि स्वपरागण होतं, म्हणजे फुलाचाच पराग त्याला लागतो. संध्याकाळी लाल फुलाचे परागकोश (पुंकेसरांच्या टोकाच्या परागाच्या पिशव्या) कुक्षीवर, म्हणजे त्या दांड्याच्या टोकावर टेकवा. परागकण मोठे असल्याने नुसत्या डोळ्यांनी दिसतात. पुन्हा पिशवी बांधून दोऱ्याने खूण करा. एका फुलात एकच बी धरतं, त्यामुळे निदान वीस फुलं करा. बी काळं झालं की गळून पडतं, तेव्हा पिशवी तशीच राहू द्या. बिया विषारी आहेत, लहान मुलांपासून लांब ठेवा.

पहिल्या पिढीत सगळी गुलाबी. जनुकाच्या दोन प्रतींपैकी लाल रंगाची एकच असली की रंगद्रव्य कमी पडतं. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात. या गुलाबी झाडांचं स्वपरागण करून बी पेरलं, की लाल, गुलाबी, पांढरी १:२:१ अशी अपेक्षा. आठच रोपं लावलीत तर पांढरं एकही न येण्याची शक्यता १० टक्के. १६ लावलीत तर एक टक्का. हाच फरक विसरून लोक गुणोत्तराला दोष देतात.

पानं हिरवी-पांढरी चट्टेरी असतील तर हा हिशोब पानांना लागू नाही. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्सने १९०९ मध्ये दाखवलं, की तो गुण फक्त मादी झाडाकडून येतो. तो हरितलवकांत, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत असतो.