कुत्र्याचं वय मोजताना या चुका टाळा

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, म्हणून तीन वर्षांचा कुत्रा एकविसाचा, असं आपण सहज म्हणून जातो. साताचा पाढा बरोबर, उत्तर चूक. एक वर्षाच्या कुत्रीला पिल्लं होऊ शकतात. सात वर्षांच्या मुलाचे तर दुधाचे दातही सगळे पडलेले नसतात!

पशुवैद्यांचा ढोबळ हिशेब वेगळा आहे. पहिलं वर्ष माणसाच्या 15 वर्षांइतकं, दुसरं 9 वर्षांइतकं. म्हणजे दोन वर्षांचा कुत्रा चोविशीतला. इथपर्यंत लहानमोठे सगळे साधारण बरोबर चालतात. मग वाटा फुटतात. दहाव्या वर्षी नऊ किलोंच्या आतला कुत्रा साधारण 56 वर्षांचा, लॅब्रडॉर 66 च्या आसपास, तर ग्रेट डेन ऐंशीला टेकलेला. उंदरापेक्षा हत्ती जास्त जगतो, पण कुत्र्यांमध्ये गणित उलटं: जितका थोराड, तितका लवकर म्हातारा. भराभर वाढणारी शरीरं भराभर झिजतातही.

"माझं उत्तर भलतंच येतंय," असं वाटत असेल तर आधी सूत्र कुठलं वापरलंत ते बघा. 2020 साली प्रसिद्ध झालेलं एक सूत्र फार फिरतं: वयाचा नैसर्गिक लॉग (कॅल्क्युलेटरवरचं 'एलएन' बटण) गुणिले 16, अधिक 31. सात वर्षांना 62 यायला हवेत. 44.5 आले असतील तर कॅल्क्युलेटरवर 'एलएन'ऐवजी 'लॉग'चं बटण दाबलं गेलंय. आणि ते बरोबर दाबलंत तरी हे सूत्र लॅब्रडॉरच्या डीएनएवरून बसवलेलं आहे. इवल्याशा पॉमेरेनियनला ते लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

दुसरी गफलत वजनाची. वजनाच्या गटानुसार वय सांगणाऱ्या तक्त्यात आजचं वजन टाकू नका. पिल्लू असेल तर पूर्ण वाढ झाल्यावरचं अपेक्षित वजन धरा, लठ्ठ असेल तर त्याच्या बांध्याला शोभणारं. सुटलेला बीगल त्यामुळे मोठ्या जातीचा होत नाही. (लठ्ठपणाने आयुष्य घटतं, हे खरंच. पण तो हिशेब वेगळा.)

मला सगळ्यात महागात पडणारी वाटते ती चूक अशी: पहिल्या वाढदिवसाला "झाला मोठा" म्हणून ग्रेट डेनला जिने चढवणं, लांब पळवणं. लहान जातींची वाढ 10 ते 12 महिन्यांत आटोपते; अवाढव्य जातींची हाडं दीड-दोन वर्षं वाढत असतात. पिल्लांसाठीचं खास खाणं बंद करायची घाईही म्हणूनच नको.

तोंडाभोवतीचे पांढरे केस बघून वय ठरवू नका, काहींचे तिसऱ्या वर्षीच पिकतात. जन्मतारीख ठाऊक नसलेल्या कुत्र्याचे दात पशुवैद्याला दाखवा. पिल्लाचं वय त्यावरून बरंच नेमकं कळतं, मोठ्याचा मात्र अंदाजच.

वर्षातून दोनदा तपासणी सुरू करायची ती अवाढव्य कुत्र्याची पाचव्या-सहाव्या वर्षी, लहान जातीची दहाव्याच्या सुमाराला.