प्रभुभोजनाचा रस घरी कसा करायचा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं: येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून सगळे भाकर आणि प्याला घेतात. त्या प्याल्यातला रस बारा वर्षं मीच करते. मिरजेत राहून बाटलीतला रस कशाला आणायचा? तासगावचा बेदाणा हाताशी आहे.

शंभर माणसांना अर्धा किलो पुरतो. काळा घ्या. पिवळ्याधमक बेदाण्याला बहुतेक वेळा गंधकाची धुरी दिलेली असते, तो वास रसात उतरतो. कोमट पाण्यात दोन-तीनदा चोळून धुवा. मग दोन लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, तेही फ्रिजमध्येच. सकाळी टम्म फुगलेला दिसेल. त्याच पाण्यात, स्टीलच्या पातेल्यात, मंद आचेवर वीसेक मिनिटं शिजवा, पळीनं ठेचा आणि मलमलीच्या फडक्यातून गाळा. फडकं पिळत बसू नका, रस गढूळतो. साखर अजिबात नको. दीड लिटर रस निघतो, एका प्याल्यात १५ मिली.

फ्रिजवर एवढा जोर का, तर एकदा ईस्टरला मी रस गुरुवारीच करून ओट्यावर ठेवला होता. सांगलीकडचा एप्रिल! रविवारी वेस्ट्रीत, चर्चच्या तयारीच्या खोलीत, झाकण फट्‌कन उडालं. मंडळीच्या एका वडिलांनी (एल्डरांनी) वास घेतला नि म्हणाले, "मावशी, आज काना गावचं लग्न दिसतंय!" सगळे हसले. मी मात्र तो आंबलेला रस सगळा मोरीत ओतला आणि समोरच्या दुकानातून द्राक्षाच्या रसाचे चार डबे आणवले.

नंतर एका कॉलेजातल्या पोरानं विचारलं, "फेकलात कशाला? बायबलात द्राक्षारसच, म्हणजे वाइनच, आहे की." खोटं नाही. काना गावच्या लग्नात येशूनं सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला. स्तोत्र १०४ म्हणतं, तो माणसाचं मन आनंदित करतो. येशूचा प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा घ्यायला सांगतो. पण नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात तोच द्राक्षारस टवाळ ठरतो, आणि करिंथ शहरातल्या मंडळीत तर काही जण प्रभुभोजनालाच झिंगत होते, म्हणून पौलानं त्यांना झापलं. तेव्हा त्या काळी द्राक्षारस म्हणजे नुसतं सरबत होतं, हे कुणी सांगितलं तरी मला पटत नाही. मात्र त्या शेवटच्या रात्री येशूच्या तोंडी शब्द आहे तो 'द्राक्षवेलाचा उपज'. बेदाणा त्यात बसतो, असं मी धरून चालते.

माझ्या कॅथॉलिक शेजारणीला हे चालत नाही. त्यांच्या मिस्सेला, म्हणजे त्यांच्याकडच्या प्रभुभोजनाच्या उपासनेला, द्राक्षांचाच, न बिघडलेला द्राक्षारस लागतो. ज्या फादरला दारू वर्ज्य आहे, त्याला परवानगी घेऊन जेमतेम आंबलेला रस वापरता येतो. म्हणजे ही कृती तिच्या उपयोगाची नाही. न आंबलेल्या रसाची रीत तशी अलीकडचीच. १८६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दाताच्या डॉक्टरानं पाश्चरची युक्ती वापरली: रस तापवायचा म्हणजे आंबायचं थांबतं. आपण मंद आचेवर करतो ते तेच.

त्या पोराला मी ही वचनं सांगितली नाहीत. तिसऱ्या बाकाकडे बोट दाखवलं. तिथं एक दादा बसतात. दारू सोडून तेव्हा त्यांना चार वर्षं झाली होती. पौल रोमकरांस लिहितो की भाऊ अडखळत असेल तर द्राक्षारस न पिणं बरं; आमच्याकडे तो भाऊ तिसऱ्या बाकावर आहे. त्या ईस्टरपासून ट्रे आला की ते प्याला आधी नाकाशी नेतात, माझ्याकडे बघतात, मग पितात. मला राग येत नाही.

म्हणून प्याले भरण्याआधी चमचाभर रस स्वतः चाखा. जिभेला चुरचुरला तर ओतून द्या, मोह नको. दुकानातल्या रसाचे जादाचे दोन डबे घरात असू द्या. आणि गाळलेला चोथा फेकू नका, माझी जास्वंद त्यावरच पोसली आहे.